टाके पिकू नयेत म्हणून

सिझेरियनसाठी बाईला टेबलावर घेतले की पाठीतली भूल द्यायच्या आगेमागे सिस्टर तिच्या शिरेतून एक इंजेक्शन देतात. त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. बाईला तो भुलीचाच भाग वाटतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला-सासूला तर त्याचा पत्ताही नसतो. नंतर चौकशी होते ती सात दिवसांच्या गोळ्यांची. त्या लिहून दिल्या नाहीत तर आपल्या पेशंटकडे दुर्लक्ष झाले असे पुष्कळांना वाटते. खरे तर टाके पिकणार की नाही, गर्भाशयाला जंतुसंसर्ग होऊन ताप चढणार की नाही, याचा बराचसा निकाल त्या आधीच्या एका इंजेक्शनाने लागलेला असतो. औषध योग्य वेळी शरीरात हजर असले तर काम करते आणि उशिरा पोचले तर तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, निरुपयोगी ठरू शकते. हे समजायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली. त्या समजण्याची सुरुवात ज्यांच्या प्रयोगशाळेत झाली त्या गेरहार्ट डोमाक यांच्याविषयी आज लिहायचे आहे. पेनिसिलिनचे फ्लेमिंग आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात, डोमाक भेटत नाहीत. पण नोबेल पारितोषिक त्यांना फ्लेमिंग यांच्या सहा वर्षे आधी जाहीर झाले होते.

डोमाक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८९५ चा, लागो नावाच्या लहान गावातला. तेव्हा हे गाव जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील शिक्षक. मुलगा कील विद्यापीठात वैद्यकीला दाखल झाला न झाला तोच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. त्या काळच्या असंख्य जर्मन तरुणांप्रमाणे तोही उत्साहाने सैन्यात भरती झाला आणि डिसेंबर उजाडेपर्यंत जखमी होऊन मागे आला. उरलेले युद्ध त्याने वैद्यकीय पथकात काढले. पूर्व आघाडीवरच्या कॉलऱ्याच्या रुग्णालयांत काम केले, जखमींच्या तंबूंत मदतनीस म्हणून उभा राहिला. अर्धवट शिकलेल्या त्या विद्यार्थ्याने पाहिले ते असे की सर्जन हाताने कितीही चांगला असो, पाय वेळेवर कापला, रक्त थांबवले, तरी चार दिवसांनी जखम फुगते, तिला दुर्गंधी येते आणि गॅस गँगरीनने माणूस जातो. गोळीने मारले नाही त्याला जंतूंनी मारले. चिरफाड करणाऱ्याच्या हातात जंतूविरुद्ध काहीही नव्हते.

बाळंतपणाच्या खोलीतही तेव्हा वेगळे चित्र नव्हते. सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ सालीच डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतरोगाचे मृत्यू खाली आणून दाखवले होते. १८७९ मध्ये पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून बाळंतरोगाचे कारण दाखवले. तेच हे स्ट्रेप्टोकॉकस. लिस्टर यांच्या पद्धतीने हत्यारे, हात, कपडे निर्जंतुक होऊ लागले. एवढे होऊनही १९३० च्या आसपास इंग्लंड आणि वेल्समध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास बायका दगावत होत्या, आणि त्यांत बाळंतरोगाचा वाटा मोठा होता. स्वच्छतेने जंतू बाहेर अडवता येत होते. एकदा ते आत शिरले की बाईच्या नशिबावर सोडून देण्यापलीकडे काही करता येत नसे.

म्हणून त्या काळी सिझेरियन हा शेवटचा उपाय असे. कळा देऊन दोन दिवस झालेत, पाणमोट फुटून बराच वेळ गेलाय, सुइणीने किंवा डॉक्टरने आत चारदा हात घालून तपासलेय, अशा बाईचे गर्भाशय उघडायचे म्हणजे आतले जंतू पोटाच्या पोकळीत सांडायचे. इटलीतल्या पाव्हियाच्या पोरो यांनी १८७६ साली बाळ काढून लगेच गर्भाशयच कापून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. पुन्हा मूल होणार नाही पण बाई तरी वाचेल असा तो सौदा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जर्मन आणि ऑस्ट्रियन सर्जनांनी पोटाच्या पोकळीचा पडदा न उघडता, मूत्राशयाच्या बाजूने वाट काढून गर्भाशयापर्यंत पोचण्याच्या पद्धती शोधल्या. फार कौशल्याचे, वेळखाऊ काम ते. आज आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्या पद्धती फक्त पुस्तकात वाचलेल्या असतात. ती सगळी कसरत ज्यामुळे अनावश्यक झाली, ते डोमाक यांच्या कामातून सुरू झालेले औषधांचे युग.

युद्ध संपल्यावर डोमाक कीलला परतले आणि १९२१ साली डॉक्टर झाले. पुढे ग्राइफ्सवाल्ड आणि म्युन्स्टर या विद्यापीठांत विकृतिशास्त्र शिकवले. शरीरातल्या पेशी जंतूंना कशा गिळून संपवतात यावर त्यांचा अभ्यास होता. त्यातूनच त्यांचे एक मत तयार झाले: औषधाने जंतूंना एकट्याने मारण्याची गरज नाही, त्यांना लुळे केले तरी उरलेले काम शरीर करते. विद्यापीठातला पगार तुटपुंजा, १९२५ साली लग्न झालेले. अशात एल्बरफेल्डच्या बायर कारखान्यातून, म्हणजे तेव्हाच्या आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन उद्योगातून बोलावणे आले. १९२७ साली ते तिथे रुजू झाले. कंपनीचे संशोधनप्रमुख हाइनरिश हर्लाइन यांनी त्यांना प्रयोगशाळा दिली, माणसे दिली आणि मुख्य म्हणजे धीर धरला.

रंगांच्या कारखान्यात औषध शोधायचे हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावेत म्हणून त्यांना रंग देतात, आणि काही रंग फक्त जंतूंना चिकटतात, आजूबाजूच्या पेशींना नाही. मग जंतूला चिकटणारा रंग त्याला मारूही शकेल, असा विचार पॉल एरलिख यांनी आधीच मांडला होता. त्यांच्या हातून उपदंशावरचे सॅल्व्हरसान आले. बायरमध्ये मलेरियावर औषधे निघाली होती. मात्र पू करणाऱ्या साध्या जंतूंवर, ज्यांनी रोज माणसे मरत होती त्यांच्यावर, काहीच चालत नव्हते. बहुतेक तज्ज्ञांनी ते शक्यच नाही असे धरले होते.

डोमाक यांची पद्धत शांत, चिवट आणि काहीशी कंटाळवाणी होती. योसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिट्झ्श हे दोन रसायनशास्त्रज्ञ नवनवी संयुगे तयार करत. डोमाक उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसची एक जहाल जात टोचत, इतकी की औषध न दिलेला उंदीर वाचण्याची शक्यताच नसावी. मग प्रत्येक संयुग जिवंत उंदरात तपासायचे. सोन्याची संयुगे झाली, ॲक्रिडिन रंग झाले, ॲझो रंग झाले. पाच वर्षे गेली. इतर बहुतेक प्रयोगशाळा त्या काळी काचेच्या नळीत जंतू मरतो का ते आधी पाहत आणि नळीत नापास झालेले संयुग फेकून देत. डोमाक यांनी नळीतल्या निकालावर संयुग बाद केले नाही. आजारी पडते ते शरीर, तेव्हा परीक्षा शरीरातच व्हायला हवी. हा एक हट्ट नसता तर पुढचे काही घडलेच नसते.

१९३२ च्या शरद ऋतूत क्लारर यांनी ॲझो रंगाला सल्फोनामाइड नावाचा गंधकयुक्त तुकडा जोडला. डिसेंबरमध्ये या मालिकेतल्या एका लाल रंगाची पाळी आली. सव्वीस उंदरांना मारक प्रमाणात जंतू टोचले. चौदा तसेच ठेवले. बारांना दीड तासाने त्या लाल रंगाची एकच मात्रा दिली. चौदाच्या चौदा काही दिवसांत मेले आणि बारा जगले. एकही अपवाद नाही. जीवशास्त्रात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. आमच्यासारख्यांना तर तो पाहून हेवा वाटतो, कारण रुग्णांच्या अभ्यासात दोन-चार टक्क्यांच्या फरकासाठी हजारो माणसे तपासावी लागतात. नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबर १९३२ रोजी, कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला. औषधाचे नाव पुढे प्रॉन्टोसिल ठरले.

त्या दीड तासाकडे लक्ष द्या, त्यावर परत येऊ.

लेख मात्र छापून यायला १५ फेब्रुवारी १९३५ उजाडला. दोन वर्षांहून अधिक काळ औषध कंपनीच्या भिंतींच्या आत आणि ओळखीच्या काही डॉक्टरांकडे राहिले. १९३३ सालीच ड्युसेलडॉर्फमध्ये एका दहा महिन्यांच्या बाळाला ते दिले गेले आणि ते बाळ वाचले. मग बाकीच्यांना का थांबावे लागले? पेटंट पदरात पडेपर्यंत कंपनी गप्प राहिली, असा आरोप तेव्हाही झाला. त्यात तथ्य असावे असे मला वाटते. त्या दोन वर्षांत युरोपभर किती बाळंतिणी गेल्या असतील याचा विचार मनातून जात नाही. डोमाक पगारी नोकर होते. छापायचे कधी हे ठरवणे बहुधा त्यांच्या हातात नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात औषधाची परीक्षा त्यांच्या घरात झाली. सहा वर्षांची मुलगी हिल्डेगार्ड हातात सुई घेऊन पडली आणि सुई हातात मोडली. सुई काढली, पण हात सुजला, ताप चढला, स्ट्रेप्टोकॉकस रक्तात पसरू लागला. सर्जननी जागोजाग छेद देऊन पू काढला, तरी आटोक्यात येईना. हात कापण्याची भाषा सुरू झाली. डोमाक प्रयोगशाळेतून प्रॉन्टोसिल घेऊन आले आणि मुलीला मोठ्या मात्रेत दिले. हात वाचला, मुलगीही वाचली. ही गोष्ट सांगताना बरेच जण मुलीलाच जगातली पहिली रुग्ण करून टाकतात. तसे नाही. तोवर औषध छापून झाले होते आणि अनेकांना दिले गेले होते. पण बापाला ते माहीत असूनही त्या रात्री काय वाटले असेल, हे मुलांचे बाप असलेल्या कुठल्याही डॉक्टरला सांगावे लागणार नाही.

बाळंतिणींपर्यंत हे औषध नीट पोचवले ते लंडनच्या लेनर्ड कोलब्रुक यांनी. अल्मरॉथ राइट यांचे शिष्य, फ्लेमिंग यांचे मित्र, आणि बाळंतरोगाच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. क्वीन शार्लट्स या प्रसूती रुग्णालयात बाळंतरोगाच्या बायकांसाठी वेगळी इमारत होती, तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. त्यांच्या बहिणीने, डोरा कोलब्रुक यांनी, हे जंतू बाईपर्यंत येतात कुठून याचा शोध घेतला. पुष्कळदा ते डॉक्टर, नर्स किंवा घरच्या माणसांच्या घशातून येतात असे त्यातून दिसले. प्रसूतीच्या वेळी तोंडाला मास्क का, याचे उत्तर त्यात आहे. जर्मन लेख वाचून कोलब्रुक लगेच भारावले नाहीत. आधी स्वतः उंदरांवर करून पाहिले, मग १९३६ च्या सुरुवातीला बायकांना औषध देऊ लागले. पहिल्या ३८ बायकांपैकी ३ दगावल्या. त्याआधी त्याच इमारतीत अशा चार बायकांमागे जवळपास एक जात असे. औषधाने त्वचा लालसर होई, लघवी लाल होई, पण ताप उतरे. कोलब्रुक यांनी आपल्या लेखात हेही नोंदवले की जंतूच आपोआप सौम्य होत चालले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. असा सावधपणा मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो. पुढची वर्षे मात्र बोलकी ठरली. इंग्लंडमध्ये दशकानुदशके जागचा न हललेला मातामृत्यूचा आकडा १९३७ पासून झपाट्याने घसरू लागला.

दरम्यान पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३५ च्या अखेरीस एक गंमत उघड झाली. प्रॉन्टोसिल शरीरात मोडते आणि त्यातून सल्फानिलामाइड हा साधा, रंगहीन पदार्थ सुटतो. खरे काम तो करतो. लाल रंग नुसता बरोबर आलेला. काचेच्या नळीत प्रॉन्टोसिल का चालत नाही हे कोडे त्यामुळे सुटले: नळी त्याला मोडू शकत नाही, शरीर मोडते. सल्फानिलामाइड तर १९०८ सालीच बनवले गेले होते आणि त्याचे पेटंट केव्हाच संपले होते. म्हणजे जगातला कुठलाही कारखाना ते बनवू शकत होता. दोन वर्षे जपलेल्या गुपिताचे असे झाले. कंपनीचा तोटा झाला आणि जगाचा फायदा. सल्फाच्या गोळ्या स्वस्त झाल्या, देशोदेशी पोचल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग केले. स्वस्ताईला काळी बाजूही होती. १९३७ साली अमेरिकेत एका उत्पादकाने सल्फानिलामाइड डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून गोड सिरप काढले आणि शंभरावर माणसे, त्यात बरीच मुले, मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. अमेरिकेचा औषधविषयक कडक कायदा त्यातून आला. तेच विष मुंबईत १९८६ साली ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले आणि अलीकडे खोकल्याच्या औषधांतून पुन्हा पुन्हा वर येते, यावर एकदा स्वतंत्र लिहायला हवे.

आता तो दीड तास.

औषध इतके गुणकारी, तर जखम होण्याआधीच का देऊ नये, हा विचार लगोलग आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांजवळ सल्फाच्या भुकटीची पुडी असे. जखम झाली की ती आत भुरभुरायची. नीट मोजल्यावर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. जखम लवकर स्वच्छ करणे हेच खरे होते. अमेरिकन नौदलाने प्रशिक्षण तळांवरच्या तरुणांना घशाचा आजार होऊ नये म्हणून सरसकट सल्फाडायझिन द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला आजार घटले. थोड्याच काळात सल्फाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकॉकस त्याच तळांवर पसरले. प्रतिबंधासाठी औषध द्यायचे तर कुणाला, कधी आणि किती वेळ, हे न ठरवता दिले की काय होते ते तेव्हाच दिसले होते.

उत्तर मिळाले १९६१ साली. बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या त्वचेत जंतू टोचले आणि प्रतिजैविक वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिले. जंतू शिरण्याआधी औषध ऊतींमध्ये असेल तर परिणाम सर्वांत चांगला. जितका उशीर तितका परिणाम कमी. तीन तासांनंतर दिलेले औषध न दिल्यासारखेच. जंतू पहिल्या काही तासांत पाय रोवतात, नंतर लढाई वेगळीच होते. डोमाक यांच्या उंदरांना औषध दीड तासाने मिळाले होते, म्हणजे दार अजून उघडे होते. त्यांनी वेळेचा प्रश्न असा वेगळा विचारला नव्हता. पण औषधाची परीक्षा जंतू टोचल्यानंतर लगेचच्या त्या खिडकीत, जिवंत शरीरात घ्यायची, ही रीत त्यांच्या टेबलावरच रुळलेली होती.

सिझेरियनमध्ये हा हिशेब जुळायला आणखी चार दशके लागली. नैसर्गिक प्रसूतीच्या तुलनेत सिझेरियननंतर जंतुसंसर्गाचा धोका पाच ते वीस पट जास्त असतो. प्रतिजैविकाने जखमेचे आणि गर्भाशयाचे संसर्ग ६० ते ७० टक्क्यांनी घटतात, हे शेकड्याने झालेल्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. पण औषध वारेतून बाळापर्यंत जाईल, बाळाचा संसर्ग झाकला जाईल, अशी भीती असल्यामुळे बरीच वर्षे आम्ही सारेच नाळ चिमट्यात धरल्यावर इंजेक्शन देत असू. म्हणजे त्वचा आणि गर्भाशय कापून झाल्यावर. चालू शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही पद्धतींची तुलना झाली. छेद घेण्याआधी दिलेल्या इंजेक्शनाने आईचे संसर्ग आणखी कमी झाले आणि बाळाला अपाय दिसला नाही. तेव्हापासून छेदाआधी, साधारण अर्धा ते एक तास, हा नियम जगभर झाला. सेफाझोलिनसारखे जुने, स्वस्त औषध त्यासाठी पुरते. सरकारी दवाखान्यात खरी अडचण औषधाची नसते, घड्याळाची असते. इंजेक्शन वॉर्डात देऊन ठेवले आणि टेबल मोकळे व्हायला तीन तास लागले, तर छेद घेताना रक्तातले औषध उतरलेले असते. म्हणून ते ओटीत, भूल देतानाच दिलेले बरे.

आणि नंतरच्या गोळ्या? सिझेरियन सुरळीत झाले, आधी ताप नव्हता, संसर्गाची शंका नव्हती, तर पुढचे पाच-सात दिवस प्रतिजैविक चालू ठेवून टाके कमी पिकतात असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक औषध लांबवू नये अशीच आहे. कळांमध्ये ताप होता, पाणमोटेचे पाणी घाण वासाचे होते, तर गोष्ट वेगळी. तिथे आजार आधीच आहे, आपण प्रतिबंध करत नसून उपचार करतो, आणि ती औषधे पूर्ण घ्यायलाच हवीत. हा फरक नातेवाइकांना समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात, गोळ्या लिहायला अर्धे मिनिट. गर्दीच्या वॉर्डात बहुतेकदा अर्ध्या मिनिटाचाच विजय होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात जवळपास २५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात. इतक्या बायकांना सात-सात दिवसांच्या अनावश्यक गोळ्या म्हणजे आईला जुलाब, दुधातून बाळाच्या पोटात औषध आणि वॉर्डात औषधाला न जुमानणारे जंतू.

गोळ्यांपेक्षा घरी गेल्यावरची नजर महत्त्वाची. जखमेचे बहुतेक संसर्ग घरी गेल्यानंतर दिसतात. टाक्यांभोवती लाली, गरमपणा, पाणी किंवा पू येणे, थंडी वाजून ताप, अंगावरून जाण्याला दुर्गंधी, ओटीपोटात वाढती वेदना, यांपैकी काहीही दिसले तर हळद-तूप लावून वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कळा सुरू झाल्यावर किंवा पाणमोट फुटल्यावर सिझेरियन करावे लागले तर नेहमीच्या इंजेक्शनासोबत ॲझिथ्रोमायसिन दिल्याने संसर्ग जवळपास निम्मे होतात, असे अमेरिकेतल्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. नैसर्गिक प्रसूती होऊ घातलेल्या २९ हजारांवर स्त्रियांना कळांमध्ये याच औषधाची एक मात्रा देऊन सात देशांत झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपले नागपूर आणि शेजारचे बेळगावही होते. आईला गंभीर जंतुसंसर्ग होण्याचे किंवा ती दगावण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आले. बाळांना मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून सरसकट द्यावे का यावर आमच्यात अजून वाद आहेत, आणि नौदलाची गोष्ट आठवली तर ते असायलाच हवेत.

डोमाक यांच्याकडे परत. ऑक्टोबर १९३९ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले. बातमी चुकीच्या वेळी चुकीच्या देशात पोचली. नाझींच्या कैदेत असलेल्या कार्ल फॉन ओसिएट्झ्की यांना १९३५ चे शांतता पारितोषिक दिले गेल्यापासून हिटलरने जर्मनांना नोबेल घेण्याची बंदी केली होती. डोमाक यांनी स्टॉकहोमला आभाराचे पत्र पाठवले. नोव्हेंबरात गेस्टापोने त्यांना घरातून उचलले आणि आठवडाभर कोठडीत ठेवले. सुटल्यावर त्यांच्यापुढे पारितोषिक नाकारणारे तयार पत्र ठेवले गेले आणि त्यांनी सही केली. ते प्रयोगशाळेत परतले आणि काम करत राहिले. ज्या उद्योगाचा पगार ते घेत होते त्याने पुढे आउशवित्झला कैद्यांच्या श्रमावर कारखाना उभारला. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १९४२-४३ मध्ये एसएसच्या डॉक्टरांनी पोलिश स्त्रियांच्या पायांना मुद्दाम जखमा केल्या, त्यांत जंतू, लाकडाचा भुसा, काच भरली आणि सल्फा औषधे चालतात का ते पाहिले. या प्रयोगांचा प्रमुख कार्ल गेबहार्ट पुढे खटला होऊन फाशी गेला. बाळंतिणींना वाचवणाऱ्या औषधाच्या इतिहासात याही बायका आहेत. त्यांना वगळून ती गोष्ट सांगणे मला बरोबर वाटत नाही.

युद्ध संपल्यावर १९४७ साली डोमाक स्टॉकहोमला गेले आणि आठ वर्षे उशिरा पदक व प्रमाणपत्र घेतले. रक्कम मिळाली नाही. ठरलेल्या मुदतीत न घेतल्यामुळे ती नियमाप्रमाणे निधीत परत गेली होती. तोवर पेनिसिलिन आले होते आणि बाळंतरोगावर सल्फाची जागा त्याने घेतली होती. डोमाक तेव्हा क्षयाच्या मागे होते, पद्धत तीच जुनी, एकेक संयुग घेऊन तपासण्याची. सल्फाच्याच शोधवाटेवरून थायासिटाझोन निघाले. १९५२ साली आयसोनियाझिड तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जवळपास एकाच वेळी सापडले, त्यांतली एक त्यांची. मी वैद्यकीला होतो तेव्हा आपल्या सरकारी क्षय कार्यक्रमात थायासिटाझोन आणि आयसोनियाझिड एकत्र असलेल्या स्वस्त गोळ्या मिळत. त्वचेवरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थायासिटाझोन पुढे मागे पडले. अखेरची वर्षे डोमाक कर्करोगावरच्या औषधांच्या शोधात होते, तिथे त्यांना तसे यश आले नाही. २४ एप्रिल १९६४ रोजी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बुर्गबेर्ग या गावी ते वारले. आयसोनियाझिड अजून चालू आहे. गरोदरपणात क्षय निघालेल्या बाईलाही ते देता येते.